तागुचीचा एल-९ तक्ता आला कुठून? इंग्लंडचं शेत, कोलकाता, जपान आणि मग चाकण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंगमध्ये (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग बनवायच्या कामात) आहात, कंपनीत तागुची मेथडचं, म्हणजे थोड्या ट्रायलमध्ये अनेक सेटिंग एकदम तपासायच्या पद्धतीचं, ट्रेनिंग झालं, ट्रेनरने सांगितलं हे जपानी तंत्र आहे, आणि राहुरीला एमएस्सी अ‍ॅग्री करणारा तुमचा चुलतभाऊ त्यातला नऊ ट्रायलचा एल-९ तक्ता बघून म्हणाला की अरे हे तर आमच्या आरबीडी, लॅटिन स्क्वेअरच्या (शेतातल्या प्रयोगांच्या आखणीच्या) घराण्यातलं दिसतंय. मग खरं कोणाचं, शेतीतली गोष्ट कारखान्यात कशी आली, आणि हे कळून तुमच्या पोरोसिटीच्या (कास्टिंगमधल्या बारीक पोकळ्यांच्या) ट्रायलला काही फायदा आहे का, असं तुम्ही विचारलंय.

भाऊ बरोबर आहे. ट्रेनरही अर्धा बरोबर आहे. पण मधला सगळ्यात मोठा टप्पा दोघांच्याही बोलण्यात आला नाही आणि तो आपल्याच देशातला आहे. मी बरीच वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये डीओई, म्हणजे प्रयोगांची आखणी, करतोय आणि शिकवतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, कारण हे दोन ओळीत सांगितलं तर त्यातली खरी गंमतही जाते आणि उपयोगही जातो.

सुरुवात रॉथमस्टेडपासून. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायरमध्ये हे शेती संशोधन केंद्र आहे, १८४३ पासून तिथे खतांचे प्रयोग चालू होते. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर तिथे रुजू झाले तेव्हा पाऊणशे वर्षांच्या नोंदी तिथे साठल्या होत्या आणि त्यातून ठाम काही निघत नव्हतं. अडचण अगदी साधी, आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला कळेल अशी. जमीन सगळीकडे सारखी नसते. बांधाकडचा तुकडा वेगळा, उताराचा वेगळा, जिथे पाणी साचतं तो वेगळा. एक खत इथे टाकलं आणि दुसरं तिथे, तर उत्पन्नातला फरक खताचा म्हणायचा की मातीचा? फिशर यांनी तीन पथ्यं सांगितली. प्रत्येक खत एकापेक्षा जास्त तुकड्यांवर टाका, सारख्या जमिनीचे गट पाडून प्रत्येक गटात सगळी खतं येऊ द्या, आणि गटात कुठल्या तुकड्याला कुठलं खत हे स्वतःच्या मनाने ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. जमीन आडवी-उभी दोन्हीकडे बदलत असेल तर लॅटिन स्क्वेअर, म्हणजे प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक खत एकदाच. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदला हा जुना नियमही त्यांनी मोडीत काढला, खत, बियाणं, पाणी सगळं एकाच प्रयोगात एकदम बदला, फक्त शिस्तीने बदला. १९२५ आणि १९३५ सालच्या त्यांच्या दोन पुस्तकांतून हे जगभर गेलं.

इथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे कारण ती सहसा कोणी सांगत नाही. आपल्याला वाटतं की ज्ञान तिकडून इकडे आलं. पण १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात जे. ए. हबॅक नावाचे आयसीएस अधिकारी होते, ते भाताचं उत्पन्न मोजायला रँडम जागी छोटे छोटे तुकडे कापून तोलायचे, आजच्या पीक कापणी प्रयोगाचाच पूर्वज म्हणा. फिशर यांनी पुढे स्वतःच मान्य केलं की हबॅकच्या कामाचा रॉथमस्टेडमधल्या त्यांच्या पद्धतींवर मोठा परिणाम झाला. म्हणजे रस्ता पहिल्यापासून दुतर्फाच होता.

आता कोलकाता. प्रशांतचंद्र महालनोबिस मुळात फिजिक्सवाले. केंब्रिजचं शिक्षण संपवून १९१५ मध्ये परत निघाले तर महायुद्धामुळे बोट लांबली, त्या रिकाम्या वेळात किंग्ज कॉलेजच्या लायब्ररीत त्यांच्या ट्यूटरने त्यांना 'बायोमेट्रिका' या जर्नलचे अंक दाखवले, ते त्यांना इतके भावले की अख्खा संच विकत घेऊन ते बोटीवर वाचत वाचत आले. प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवता शिकवता पूर, पाऊस, माणसांच्या शरीराची मापं, शेती, जे समोर येईल त्याला हा माणूस स्टॅटिस्टिक्स लावून बघायचा. १९२४ च्या सुमारास शेतीप्रयोगातल्या त्रुटींवर काम करताना फिशरशी संबंध आला, १९२६ मध्ये रॉथमस्टेडला प्रत्यक्ष भेट झाली आणि १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आयएसआय, सुरू झाली, तीही फिजिक्स विभागातल्या एका खोलीत.

यापुढचा भाग मला स्वतःला या सगळ्या गोष्टीत सर्वात जास्त आवडतो. महालनोबिसांनी राजचंद्र बोस नावाच्या एका भूमितीच्या माणसाला आयएसआयमध्ये ओढलं. बोस कॉलेजात शिकवायचे, स्टॅटिस्टिक्स त्यांचा विषयच नव्हता. त्याच सुमारास जर्मनीत नाझी कायद्यांमुळे लायपझिगमधून फ्रीडरिश लेव्ही या ज्यू गणितज्ञांची नोकरी गेली आणि ते कोलकाता विद्यापीठात गणिताचे प्रमुख म्हणून आले. त्यांनी सोबत आणलं मॉडर्न अल्जिब्रा, जे तोवर इथे फारसं कोणी शिकवत नव्हतं. बोस त्यांच्याकडून गाल्वा फील्ड शिकले. आणि १९३७-३८ च्या हिवाळ्यात स्वतः फिशर कोलकात्याला आले, त्यांच्या डोक्यात प्रश्न होता की एकमेकांवर नीट बसणारे लॅटिन स्क्वेअर जास्तीत जास्त किती बनवता येतात. एकाच शहरात प्रश्न इंग्लंडच्या शेतातून आला, हत्यार जर्मनीतून हाकलून दिलेल्या माणसाच्या डोक्यातून आलं, आणि दोन्ही ओळखणारा माणूस तिथे बसलेला होता. १९३८ मध्ये आयएसआयच्या 'संख्या' या जर्नलमध्ये बोस यांचा पेपर आला आणि प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळालं. (हेच लेव्ही १९४८ नंतर काही वर्षं मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत होते.)

हे नुसतं नावांचं पुराण होऊ नये म्हणून प्रत्यक्ष करून दाखवतो, कागद-पेन घ्या. गाल्वा फील्ड म्हणजे मोजक्याच आकड्यांचं असं जग जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं होतं आणि उत्तर त्या जगाबाहेर जात नाही. सगळ्यात सोपं तीन आकड्यांचं, ०, १, २, आणि उत्तर ३ किंवा जास्त आलं तर ३ ने भागून बाकी घ्यायची. आता तीन ओळी तीन स्तंभांचा चौकोन काढा, ओळींना आणि स्तंभांना ०, १, २ नंबर द्या. प्रत्येक घरात दोन गोष्टी लिहा. पहिली, ओळ अधिक स्तंभ, त्याला अक्षर द्या, ० म्हणजे अ, १ म्हणजे ब, २ म्हणजे क. दुसरी, ओळीची दुप्पट अधिक स्तंभ, त्यात १ मिळवून आकडाच लिहा. हे येईल:

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

बघा, प्रत्येक अक्षर प्रत्येक ओळीत-स्तंभात एकदाच, प्रत्येक आकडा तसाच, आणि अक्षर-आकड्याची प्रत्येक जोडी पूर्ण चौकोनात एकदाच. आता ओळीला मेटल टेम्परेचर म्हणा, स्तंभाला इंजेक्शन प्रेशर, अक्षराला डाय टेम्परेचर आणि आकड्याला प्लंजर व्हेलॉसिटी. घरं नऊ, म्हणजे ट्रायल नऊ, फॅक्टर (बदलायच्या गोष्टी) चार, प्रत्येकी तीन लेव्हल (त्यांच्या सेटिंग). हाच तुमचा एल-९. ट्रेनिंगच्या फाईलमध्ये जो तक्ता तुम्हाला 'जपानी' म्हणून मिळाला तो तुम्ही आत्ता स्वतःच्या हाताने बोस यांच्या पद्धतीने बनवलात. सगळी कॉम्बिनेशन करायची तर ८१ ट्रायल लागल्या असत्या.

याच कामाला पुढे सी. आर. राव यांनी सर्वसाधारण रूप दिलं. १९४७ च्या पेपरमध्ये त्यांनी जे मांडलं तेच आपण आज ऑर्थोगोनल अ‍ॅरे म्हणतो, एल-८, एल-२७ त्यात बसतात (एल पुढचा आकडा म्हणजे ट्रायलची संख्या), आणि अशा तक्त्यात कुठल्याही दोन कॉलममधल्या लेव्हलच्या सगळ्या जोड्या सारख्याच वेळा येतात.

बोस १९४९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपल हिलला गेले, आणि तिथे त्यांच्याकडे पीएचडी करायला गेले आपले शरदचंद्र श्रीखंडे, नागपूरला शिकलेले. ऑयलर या गणितज्ञाने १७८२ मध्ये म्हटलं होतं की ६, १०, १४ अशा मापांचे दोन लॅटिन स्क्वेअर एकमेकांवर असे नीट बसूच शकत नाहीत. ६ बाबत तो बरोबर होता, ते १९०० च्या सुमारास सिद्ध झालं होतं. बाकीच्यांबाबत बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी त्याला १९५९ मध्ये चूक ठरवलं, आधी बोस-श्रीखंडे यांनी २२ चा काढला, मग पार्कर यांनी १० चा, मग तिघांनी मिळून ६ च्या पुढचे सगळे. १७७ वर्षं टिकलेलं अनुमान पडलं, बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. नंतर श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणित विभाग उभा करायला आले. शेतात खतं कशी टाकायची या प्रश्नाच्या मागे लागून शुद्ध गणितातलं पावणेदोनशे वर्षांचं कोडं सुटलं, आणि त्यात एक नागपूरकर होता, हे आपल्या शाळांमध्ये का सांगत नाहीत मला खरंच समजत नाही.

अजून एक फाटा फुटला तो माहिती पाठवण्याच्या तंत्राकडे. सगळ्यात छोटा तक्ता एल-४ घ्या, त्यातल्या लेव्हलच्या १-२ आकड्यांच्या जागी ०-१ लिहा. चार ओळी येतात: ०००, ०११, १०१, ११०. प्रत्येकीत १ ची संख्या सम. आता समजा या चारपैकी एक ओळ मी तुम्हाला वायरवरून पाठवली आणि वाटेत एक आकडा बिघडला, तर १ ची संख्या विषम होणार आणि तुम्हाला लगेच कळणार की गडबड झाली. एल-८ मध्ये तर कुठल्याही दोन ओळी बरोबर चार ठिकाणी वेगळ्या असतात, त्यामुळे एक आकडा बिघडला तर तो नुसता कळत नाही, दुरुस्तही करता येतो. प्रयोगाचा तक्ता आणि चूक पकडणारा कोड आतून एकच आहेत. बोस आणि त्यांचे विद्यार्थी रे-चौधरी यांनी १९६० मध्ये यातून जे कोड काढले (फ्रान्समध्ये ओकेंगेम यांनी एक वर्ष आधी स्वतंत्रपणे काढले होते) त्यांना तिघांच्या नावाने बीसीएच कोड म्हणतात. भाजीवाल्याला पैसे द्यायला आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो त्यातली फॉरमॅटची माहिती बीसीएच कोडनेच सांभाळलेली असते.

औषधांकडे गेलेला रस्ता वेगळा आहे, तो पटकन सांगतो. चिठ्ठ्या टाकण्याचं पथ्य १९४८ च्या इंग्लंडमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ट्रायलमधून डॉक्टरांकडे गेलं, आणि १९५० च्या दशकातच मद्रासमध्ये टीबीचे पेशंट घरी ठेवून बरे होतात की सॅनेटोरियममध्येच ठेवावे लागतात याचा तसाच प्रयोग झाला, त्यातून घरी राहून उपचार चालतात हे जगाला कळलं. डॉक्टरांनी फिशरकडून मुख्यतः रँडमायझेशन घेतलं, तक्ते फारसे घेतले नाहीत. इंजिनिअरांनी नेमकं उलटं केलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे यावरच सगळं येणार आहे.

जपान. युद्धानंतर टेलिफोन व्यवस्था नव्याने उभी करायची होती, पैसा कमी, कच्चा माल वाईट, वेळ नाही. गेनिची तागुची तिथल्या इलेक्ट्रिकल कम्युनिकेशन लॅबोरेटरीत होते. प्रयोगांची आखणी ते मसुयामा या जपानी स्टॅटिस्टिशियनकडून शिकले होते, म्हणजे ऑर्थोगोनल अ‍ॅरे त्यांच्यापर्यंत आधी कागदावरून पोचले आणि मग ते स्वतः १९५४-५५ मध्ये आयएसआयला व्हिजिटिंग प्रोफेसर म्हणून कोलकात्याला आले. त्यामुळे 'तागुचींनी इथून चोरलं' असं जे कधीकधी अभिमानाने बोललं जातं ते चुकीचं आहे आणि अन्यायाचंही आहे. त्यांनी स्वतःची भर घातली, आणि ती मोठी होती.

ती भर कळायला इना टाइल कंपनीचं १९५३ सालचं उदाहरण बघा. भट्टीत कडेच्या टाइल आणि मधल्या टाइल यांना उष्णता सारखी मिळत नव्हती म्हणून मापं वेगवेगळी येत होती. आपण काय केलं असतं? भट्टी बदला, नाहीतर कडेचा माल वेगळा काढा. त्यांनी भट्टीला हात लावला नाही. मातीच्या मिश्रणातल्या सात गोष्टी दोन-दोन लेव्हलला घेऊन एल-८ वर प्रयोग केला, म्हणजे १२८ ऐवजी ८ ट्रायल, आणि असं मिश्रण शोधलं की ज्याला उष्णतेतल्या फरकाचा फारसा फरकच पडत नाही. चुन्याचं प्रमाण १ टक्क्यावरून ५ टक्के केलं हा त्यातला मुख्य बदल. फिशर यांच्या शेतात जमिनीतला फरक ही कटकट होती, तिच्यापासून निकाल वाचवायचा होता. तागुचींनी तीच कटकट मुद्दाम प्रयोगात घेतली आणि विचारलं की कुठल्या सेटिंगला ती सोसवते. हा विचार ना रॉथमस्टेडचा ना कोलकात्याचा, हा कारखान्यातल्या माणसाचा विचार आहे. म्हणून म्हटलं की ट्रेनर अर्धा बरोबर.

१९८० मध्ये तागुची अमेरिकेत बेल लॅब्जला गेले. तिथे आयसी बनवताना सिलिकॉनवर ज्या सूक्ष्म खिडक्या पाडतात त्यांची मापं स्थिर येत नव्हती, त्यावर एल-१८ चा प्रयोग झाला आणि मापातली व्हेरिअन्स (फैलावाचं माप) साधारण चौथ्या हिश्श्यावर आली. त्या १९८३ च्या पेपरवर पहिलं नाव आयआयटी मुंबईत शिकलेल्या माधव फडके यांचं आहे, पुढे त्यांनी या विषयावर लिहिलेलं पुस्तक माझ्यासारख्या कित्येकांनी पेन्सिलीने खुणा करून करून वाचलंय. तिथून फोर्ड, झेरॉक्स, मग गाड्यांच्या कंपन्यांचे सप्लायर, मग त्यांच्या क्वालिटी मॅन्युअल, आणि त्या मॅन्युअलमधून आपल्या चाकण-रांजणगावच्या सप्लायरांपर्यंत.

आता मला खरं जे म्हणायचंय ते. आयएसआयचं एसक्यूसी (स्टॅटिस्टिकल क्वालिटी कंट्रोल) युनिट १९५० च्या दशकातच मुंबईत आलं होतं. हे सगळं शिकवणारी माणसं दारात होती. शेतीत तर पानसे-सुखात्मे घराघरात, म्हणजे राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठल्याही कृषी विद्यापीठात थिसिस उघडा, त्यांच्या शेतीच्या स्टॅटिस्टिक्सवरच्या पुस्तकाचं नाव सापडणारच. पां. वा. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुधचे, लंडनला शिकून आले, पुढे रोमला एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती संस्थेत गेले. म्हणजे महाराष्ट्रात कृषीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं आणि रस्त्यापलीकडच्या कारखान्याला मात्र ते तीस वर्षांनी जपान आणि अमेरिका फिरून कळलं. का? बुद्धी कमी होती का? अजिबात नाही. लायसन्स-परमिटच्या दिवसांत माल बनेल तसा खपत होता, स्कूटरला वर्षानुवर्षं वेटिंग होतं, मग रिजेक्शन आणि व्हेरिएशनवर डोकं कोण खपवणार. कल्पना नुसती ढकलून कुठे जात नाही, समोरून कोणीतरी अडलेला माणूस तिला ओढावा लागतो. महालनोबिस अडले होते, तागुची अडले होते, फोर्ड जपानी गाड्यांपुढे अडली होती. आपल्या सप्लायरांनी ओढलं ते गिऱ्हाईक दारात उभं राहून पीपीएम (दहा लाखांत किती खराब) विचारायला लागलं तेव्हा.

आणि ओढणारा माणूस आपल्याला लागतं तेवढंच ओढतो, बाकीचं तिथेच राहतं. इथेच आपली फसगत होते. तागुचींच्या पद्धतीत तक्ता आला पण चिठ्ठ्या टाकण्याच्या पथ्यावर जोर राहिला नाही, दोन फॅक्टर एकमेकांवर काय परिणाम करतात हा भाग मागे पडला. जॉर्ज बॉक्ससारख्या स्टॅटिस्टिशियननी १९८० च्या दशकात यावर कडक टीका केली, तागुचींच्या सिग्नल-टू-नॉइज रेशोवरही (सरासरी आणि फैलाव एकाच आकड्यात धरणारं त्यांचं माप) केली, आणि माझ्या मते त्यांचं गणित बरोबर होतं पण कारखान्यात त्यांचं कोणी ऐकलं नाही कारण तागुचींचं पुस्तक फोरमनला समजत होतं.

एका फाउंड्रीत मी याचा परिणाम डोळ्यांनी पाहिलाय. एल-९ च्या नऊ ट्रायल छापलेल्या क्रमानेच घेतल्या, कारण तक्त्यात पहिल्या तीन ओळी कमी टेम्परेचरच्या, मधल्या तीन मध्यम, शेवटच्या तीन जास्त, फर्नेसला तेच सोयीचं. सकाळी डाय गार, दुपारपर्यंत तापलेला, मधे इंगॉटचा (कच्च्या धातूच्या लाद्यांचा) लॉट बदलला. निष्कर्ष निघाला की मेटल टेम्परेचर वाढवलं की पोरोसिटी सुधारते. सेटिंग कायम केलं आणि दोन महिन्यांत रिजेक्शन परत जुन्या जागी. त्या प्रयोगात मेटलचं टेम्परेचर आणि दिवसाची वेळ एकच होऊन बसली होती, म्हणजे शेताच्या एका कडेला एक खत आणि दुसऱ्या कडेला दुसरं टाकण्यासारखंच, फिशर यांनी ज्याच्यासाठी चिठ्ठ्या सांगितल्या नेमकं तेच.

दुसरी अडचण तुमच्या तक्त्यात लपलेली आहे. वरचा चौकोन परत बघा. अक्षर आणि आकडा आपण कशातून बनवले? ओळ आणि स्तंभ यांच्या बेरजेतून. म्हणजे मेटल टेम्परेचर आणि प्रेशर यांचा जो एकत्रित परिणाम असेल तो सगळाच्या सगळा अक्षराच्या आणि आकड्याच्या खात्यात जमा होणार. तुम्हाला वाटेल डाय टेम्परेचर महत्त्वाचं आहे, आणि प्रत्यक्षात ते टेम्परेचर-प्रेशरच्या जोडीचं काम असेल. शिवाय नऊ ट्रायलमधून मिळणारी आठच्या आठ डिग्रीज ऑफ फ्रीडम (म्हणजे स्वतंत्र तुलना) चार फॅक्टरमध्ये संपून जातात, त्रुटी मोजायला एकही उरत नाही. तुमचा भाऊ थिसिसमध्ये जी सीडी (किती फरक खरा मानायचा ती मर्यादा) काढतो ती या एल-९ मधून काढताच येणार नाही, त्याला विचारून बघा, तो लगेच सांगेल.

मग करायचं काय. तुमच्या पोरोसिटीसाठी मी चार फॅक्टरचा एल-९ घेणार नाही. डाय कास्टिंगमध्ये मेटल टेम्परेचर, डाय टेम्परेचर आणि व्हेलॉसिटी एकमेकांत गुंतलेले असतात हे तुमच्या मशीनवरच्या जुन्या ऑपरेटरलाही माहीत असतं. म्हणून तीनच फॅक्टर घ्या, दोन-दोन लेव्हल, आठ ट्रायल. हाच एल-८, फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कॉलमवर फॅक्टर बसवा, तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या कॉलमवर दोघा-दोघांचे एकत्रित परिणाम स्वच्छ दिसतील. सगळं एका दिवसात होत नसेल तर सातव्या कॉलममध्ये जिथे १ आहे त्या चार ट्रायल पहिल्या दिवशी आणि २ आहे त्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे दिवसाचा फरक फॅक्टरांमध्ये मिसळणार नाही. हाच फिशर यांचा ब्लॉक. दिवसातल्या चार ट्रायलचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

फर्नेसचं टेम्परेचर दर ट्रायलला वर-खाली करणं परवडत नाही असं तुमचे प्रॉडक्शन मॅनेजर म्हणणार, आणि ते खोटं नाही. त्यालाही शेतीत उत्तर आहे. पाणी मोठ्या वाफ्याला द्यावं लागतं आणि खत त्यातल्या छोट्या तुकड्यांना बदलून देता येतं, त्याला स्प्लिट प्लॉट म्हणतात आणि तुमचा भाऊ ते डोळे मिटून करेल. तुमच्याकडे अर्ध्या शिफ्टला एक मेटल टेम्परेचर ठेवा, त्या अर्ध्या शिफ्टमध्ये बाकीचे दोन फॅक्टर बदला, कुठलं टेम्परेचर आधी ते नाणं उडवून ठरवा. मात्र अ‍ॅनालिसिस करताना टेम्परेचरची त्रुटी वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी धरायची, आणि टेम्परेचरबद्दल काही खात्रीने बोलायचं असेल तर पूर्ण प्रयोग अजून एकदा तरी करावा लागेल.

एका ट्रायलमध्ये सलग काढलेले शॉट म्हणजे रिप्लिकेशन (ट्रायलची स्वतंत्र पुनरावृत्ती) समजू नका, ही चूक फार कॉमन आहे. सेटिंग झाल्यावर डाय स्थिर होईपर्यंतचे शॉट टाकून द्या, पुढच्या शॉटचे एक्स-रे घ्या, त्यांची सरासरी एक उत्तर आणि त्यांच्यातला फैलाव दुसरं उत्तर, असे दोन आकडे प्रत्येक ट्रायलचे लिहा. फैलाव बघायला तागुचींनीच शिकवलं, ते सोडू नका. इंगॉटचा लॉट आणि ऑपरेटर या तुमच्या भट्टीच्या कडा आहेत, जमलं तर दोन लॉटवर तीच आठ सेटिंग फिरवून बघा कुठल्या सेटिंगला लॉटचा फरक कमी पडतो.

शेवटी जे सेटिंग निवडाल त्याची कन्फर्मेशन रन दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शिफ्टला, दुसऱ्या ऑपरेटरच्या हातून घ्या. अ‍ॅनालिसिसला भावाला सोबत बसवा, त्याचं स्प्लिट प्लॉटचं एक्सेल तुम्हाला जसंच्या तसं चालेल, फक्त खताच्या जागी व्हेलॉसिटी लिहायची. आकडे आले की ट्रायलच्या क्रमासकट पाठवा, क्रम नसेल तर मला काही सांगता येणार नाही.